कोमट पाणी

ज्याच्या घरात एकही देव नाही आणि तोंडात मात्र दिवसभर देवच, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव राजानंद. जर्मनीत, बॉनमध्ये, ट्रामच्या रुळांना लागून आमची जी पिवळट इमारत आहे, तिच्यात मराठी बिऱ्हाडं दोनच. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, म्हणजे मी ऊर्मिला आणि माझा नवरा विलास. दुसऱ्यावर राजानंद, त्याची बायको हर्षा आणि मुलगी धम्मदीपा. वयाने तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. तो मला ताई म्हणतो आणि अहो-जाहो करतो. माझी जीभ जरा तिखट आहे. विलासला विचारलंत तर तो ‘जरा’ गाळून सांगेल. पण बारा वर्षांत राजानंदने माझं एकही बोलणं मनाला लावून घेतलं नाही.

त्याचं मूळ गाव वर्धा जिल्ह्यातलं. पुण्यात पुरातत्त्व शिकला, शिष्यवृत्ती मिळवून इथे आला आणि डॉक्टरेट केली ती कशावर, तर जुन्या ग्रीक लोकांच्या पशुबळींवर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. आमच्या ओळखीतली सगळी मराठी पोरं गाड्यांचे गिअरबॉक्स करतात नाहीतर सॉफ्टवेअर. हा गृहस्थ अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बोकडांच्या मांड्यांची हाडं बघत बसतो. मी तोंडावर विचारलं, अरे, याने पोट भरतं का? तो म्हणाला, हर्षाच्या पगाराने भरतं. आणि खरोखर तसंच होतं. हर्षा टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला होती आणि हा कधी या गावच्या, कधी त्या गावच्या उनीत, म्हणजे विद्यापीठात, दोन वर्षांच्या नाहीतर सहा महिन्यांच्या करारावर. असे करार किती वर्षं करता येतात यालाही इथे कायदा आहे. ती वर्षं भरली, कायम कुणी केलं नाही, आणि मग तो घरी बसून पुस्तक लिहू लागला.

त्यांच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो. समोरची भिंत छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली, आणि त्या पुस्तकांत झ्यूस, अथेना, अपोलो, कोण कोण. तो म्हणायचा, ताई, मी बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या घरातला. मला कुणापुढेच हात जोडायचे नाहीत, म्हणून सगळ्या देवांकडे सारखंच नीट बघता येतं. हर्षा त्या भिंतीला ‘यांची सासुरवाडी’ म्हणायची. अहो, तुमच्या झ्यूसला सांगा आज भांडी त्याने घासायची, असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि हा मुकाट्याने उठून भांडी घासायचा.

माझे देव कपड्यांच्या कपाटाच्या वरच्या खणात असतात. गणपतीत मी मोदक केले की खालून राजानंद हजर. पण अट अशी, की नैवेद्य दाखवायच्या आधीचे द्या, नंतरचे मला चालत नाहीत. माझा नुसता संताप व्हायचा. देवाच्या आधी माणसाला वाढायचं, हे माझ्या सासूबाईंनी पाहिलं असतं तर त्यांनी मला माहेरी पुण्याला परत पाठवलं असतं. तरी दरवर्षी पहिल्या घाण्यातले चार मोदक मी बाजूला काढायचेच. ते खाता खाता तो मलाच शिकवायचा, की ताई, तुम्ही आणि ग्रीक सारखेच. ते देवाला मांडीचं हाड द्यायचे, चरबीत गुंडाळून, जाळून. धूर वर गेला की देव खूश, मांस सगळं माणसांच्या पानात. तुम्हीसुद्धा गणपतीला नुसता वासच देता. मी म्हणायचे, गिळ आता.

हर्षा नागपूरची, उन्हात वाढलेली, तिला गार म्हणून सोसायचं नाही. जूनमध्येसुद्धा अंगात स्वेटर. मी विसरून कधी फ्रिजमधलं पाणी दिलं तर ग्लास ओठाला लागायचा अवकाश, ती डावीकडे-उजवीकडे मान झटकायची आणि खांदे वर घ्यायची. आम्ही हसायचो. मी मुद्दामसुद्धा दिलंय एकदोनदा. आता त्याचं फार वाईट वाटतं.

राजानंदचं पुस्तक एकाच गोष्टीवर होतं, आणि ती त्याने मला इतक्यांदा सांगितली आहे की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. ग्रीक लोक बळी द्यायचे त्या दिवशी बैलाची शिंगं सोन्याच्या वर्खाने मढवायचे, गळ्यात माळ घालायचे. मिरवणुकीच्या पुढे एक मुलगी डोक्यावर टोपली घेऊन चालायची. टोपलीत जव, आणि जवाच्या खाली सुरी, म्हणजे बैलाला दिसू नये. वेदीपाशी आणलं की त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं. पाणी पडलं की जनावर मान हलवतं. मान हलली की सगळ्यांनी म्हणायचं, याने होकार दिला. मगच सुरी बाहेर काढायची. मोठमोठ्या पंडितांनी यावर लिहिलंय की बघा, किती कोवळ्या मनाचे लोक, जनावराला विचारल्याशिवाय मारत नसत. राजानंदचं म्हणणं, हे सगळं झूट आहे. ती त्यांची स्वतःची समजूत होती, रात्री झोप यावी म्हणून घातलेली.

हे त्याला कुठल्या ग्रंथात सापडलं नव्हतं, आजोबांकडून मिळालं होतं. त्याच्या घराण्याकडे एके काळी गावच्या मरीआईपुढे बोकड धरून उभं राहायचं काम होतं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आजोबांनी ते सोडलं आणि घरातले देवही नदीत सोडले. पण गावात ते चालूच होतं. आठ वर्षांचा राजानंद एकदा चोरून बघायला गेला. बोकडाला हळद लावलेली, सगळे हात जोडून उभे, आणि एकाने त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. बोकडाने थरथरून अंग झाडलं, तशी लोकांनी आरोळी दिली की देवीने मान्य केलं. तेवढ्यात आजोबांनी मागून कान धरला. तसंच घरापर्यंत नेलं. दाराशी आल्यावर एवढंच म्हणाले, “आंगावर गार पानी पडलं का कोनीबी आंग झटकते, बापा. त्याले हो म्हननं नाही म्हनत.” राजानंद म्हणायचा, माझं चारशे पानांचं पुस्तक म्हणजे आजोबांच्या या दोन वाक्यांच्या तळटिपा आहेत.

एका दिवाळीत मराठी मंडळाने त्याला भाषणाला उभं केलं. मला धास्ती होती की हा फराळाच्या वेळी रक्तामांसाचं काढेल, आणि त्याने तेच काढलं. अथेन्समध्ये म्हणे एक सण असायचा. वेदीवर धान्य ठेवून बैल मोकळे सोडायचे. जो बैल येऊन ते धान्य खाईल त्याने देवाचं खाल्लं, म्हणजे तो आपण होऊन दोषी. त्याला कुऱ्हाडीने पाडून सुरीने गळा कापायचा. मारणारा कुऱ्हाड टाकून पळून जायचा आणि मग चक्क खटला भरायचा, की बैलाचा खून कुणी केला. कुऱ्हाडीला आणि सुरीला धार लावायला पाणी आणणाऱ्या मुलींना पहिल्यांदा उभं करायचं. त्या म्हणायच्या, आम्ही नुसतं पाणी आणलं, धार त्याने लावली. धार लावणारा कुऱ्हाड हातात देणाऱ्याकडे बोट दाखवायचा, तो मारणाऱ्याकडे, आणि मारणारा सुरीकडे. सुरीला बोलता येत नाही, म्हणून ती दोषी ठरायची आणि तिला समुद्रात फेकून द्यायचं. सभागृह हसून हसून लोळलं. विलास मागून मोठ्याने म्हणाला, आमच्या कंपनीतली मीटिंग अशीच असते. पहिल्या रांगेत हर्षा शाल गुंडाळून बसली होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे हातात घेऊन उभी असताना, हर्षा कोसळली. मेंदूत रक्तस्राव. वय सेहेचाळीस.

पुढचं सगळं एकाच दिशेने उतरत गेलं. मधे कुठे पायरी लागली नाही. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. गिळता येईना म्हणून लाळ फुफ्फुसात जायची आणि न्यूमोनिया व्हायचा. दोनदा झाला. दोन्ही वेळा घशात नळी घालून तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं आणि दोन्ही वेळा आठवड्यांनी सोडवून आणलं. दुसऱ्यांदा सोडवल्यावर डोळे उघडे असायचे, पण ते कुठे बघताहेत ते कळायचं नाही. राजानंद रोज विचारायचा, हर्षा, मी कोण? हर्षा, दुखतंय का? मान हलायची नाही, हातही दाबायची नाही. तिला किती कळतंय असं डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणायचे, सांगता येत नाही. इथले डॉक्टर खोटं बोलत नाहीत, ही त्यांची चांगली गोष्ट आणि वाईटही.

कोर्टाने, म्हणजे इथल्या आमट्सगेरिष्टने, राजानंदला तिचा बेट्रॉयर नेमलं. तिच्या वतीने विचार करून सही करणारा, असा त्याचा अर्थ. तिने स्वतः काही लिहून ठेवलेलं नव्हतं. सेहेचाळिसाव्या वर्षी कोण लिहून ठेवतं?

मंगळवार आणि शुक्रवार दुपार माझी असायची. मी तिचं तोंड पुसायची, केस विंचरायची, इमारतीतल्या कुणाचं कुणाशी भांडण झालं ते सांगायची. तोंड पुसायला ते जर्मन वाश्लापेन असतं, हात आत घालायच्या पिशवीसारखं फडकं. नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पाणी कोमट घ्या. मला सांगायची गरज नव्हती, हर्षाचं गारठ्याशी वाकडं मला तिच्याहून जास्त माहीत. त्या खोलीतल्या नळाला गरम पाणी यायला फार वेळ लागायचा. मी बोट धारेखाली धरून चांगली तीन-चार मिनिटं उभी राहायची आणि गारवा गेला की फडकं भिजवायची.

या काळात मी एक नवस बोलले. राजानंदला आवडणार नाही हे माहीत होतं, म्हणून लपवलं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात एकदा सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. तो चिडला नाही. म्हणाला, ग्रीकांचा बरं करणारा एक देव होता. आजारी माणसं त्याच्या देवळात जाऊन झोपायची. म्हणायचे, तो स्वप्नात येऊन बरं करतो. बरे झालेले लोक मग मातीचा पाय, मातीचा कान, मातीचे डोळे करून वाहायचे. आपल्यासारखाच नवस फेडायचे. म्युझियमांची कपाटंच्या कपाटं भरली आहेत. मग कॉफीचा कप फिरवत म्हणाला, “ताई, मी हातात घेतलेत तेवढे सगळे बरे झालेल्यांचे. जे बरे झाले नाहीत त्यांनी काही वाहिलंच नाही. त्यांचं कपाट कुठेच नाही.” मला इतका राग आला की मी कप तिथेच ठेवून वर निघून गेले. राग त्याचा नव्हता. त्याने खरं सांगितलं म्हणून आला होता.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी तिसरा न्यूमोनिया झाला. मी दुपारी पोचले तेव्हा हर्षाच्या नाकाला ऑक्सिजन होता आणि छाती जोरजोरात वरखाली होत होती. कपाळावर घाम. धम्मदीपा शाळेत होती. राजानंद पलंगाच्या एका बाजूला उभा होता, दुसऱ्या बाजूला मोठ्या डॉक्टरबाई. बाई चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. त्या शांतपणे सांगत होत्या, की संध्याकाळपर्यंत ठरवायला हवं. पुन्हा नळी घालून यंत्रावर ठेवता येईल, पण या वेळी त्यातून ती सुटेल असं वाटत नाही. नाहीतर नळी घालायची नाही, मॉर्फिन द्यायचं, त्रास होऊ द्यायचा नाही, आणि जे होईल ते होऊ द्यायचं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या पत्नीला काय हवं असेल?

राजानंद म्हणाला, मला माहीत नाही. ते खरं होतं. वीस वर्षांत या दोघांनी बुद्धापासून भेंडीपर्यंत सगळ्यावर वाद घातला होता, यावर सोडून. बाई म्हणाल्या, तरी त्यांना विचारा, तुमच्या भाषेत विचारा. आम्ही नेहमी विचारतो.

मी बेसिनपाशी होते. हर्षाच्या कपाळावरचा घाम पुसावा आणि बाहेर निघून जावं, नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डॉक्टरबाईंच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. मी नळ सोडला, फडकं धरलं, पिळलं. बोट धरून उभी राहिले नाही. हे मी आजवर विलासलासुद्धा सांगितलेलं नाही.

राजानंद खाली वाकला होता. तो तिच्या कानाशी म्हणाला, “हर्षा, आता नळी नको ना? राहू दे ना आता?” आणि त्याच वेळी मी फडकं तिच्या कपाळावर ठेवलं.

तिची मान हलली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बारीकशीच, पण हलली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

डॉक्टरबाई पुढे झाल्या. तुम्ही काय विचारलंत, म्हणाल्या. राजानंदने जर्मनमध्ये सांगितलं, की आता नळी नको ना, असं विचारलं. बाईंनी हर्षाकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या म्हणाल्या, आमच्याकडे मान अशी हलली तर तो नकार झाला असता. पण माझे भारतीय सहकारी आहेत, ते हो म्हणतानाही मान अशीच हलवतात. तुमच्याकडे याचा अर्थ हो असाच होतो, ना?

राजानंदने आधी हर्षाच्या कपाळाकडे पाहिलं. तिथून पाण्याचा एक ओघळ कानाकडे उतरत होता. मग त्याने माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. साऱ्या जगात मान का हलते यावर चारशे पानं लिहिलेला एकच माणूस होता आणि तो तिथे उभा होता. मला वाटलं, आता हा बोलेल. मला वाटलं, मी बोलावं. जिने देवाधर्मापासून नवऱ्यापर्यंत कुणाला सोडलं नाही, ती बाई फडकं पाठीमागे धरून उभी राहिली.

“या,” तो जर्मनमध्ये म्हणाला, म्हणजे हो. “गेनाऊ.” अगदी बरोबर.

बाईंनी मान डोलावली, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. तिला जाऊ द्यावं असं त्याला वाटत होतं का? मला नाही वाटत. तिसऱ्यांदा तिच्या घशात नळी जाताना बघवणार नव्हतं, आणि तिला मरू द्या हे शब्द त्याच्या तोंडून निघणार नव्हते. तिनेच ते म्हणावं, असं त्याला वाटत होतं. त्या खोलीत आम्हा तिघांनाही तेच हवं होतं.

हर्षा मंगळवारी दुपारी गेली. त्रास झाला नाही असं म्हणतात. इथे स्मशानातल्या सभागृहाला ठरलेली वेळ असते, आम्हाला पस्तीस मिनिटं मिळाली. धम्मदीपाने त्रिशरण म्हटलं. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी ती सोळा वर्षांची पोर, पाली मात्र आईने शिकवलेलं न अडखळता म्हणत होती. राजानंदचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. माझ्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून मी पर्सची चेन उघडझाप करत होते.

त्यानंतर खालच्या घरातून आवाज येईनासा झाला. मी डबा घेऊन जायची, तो दारातच घ्यायचा. डबा धुऊन परत करायचा, आत बोलवायचा नाही. मीही आत जायला बघत नव्हते. माझ्या नवसाचं मी काय केलं विचाराल तर काहीच नाही. फेडायचं कारणच उरलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी एका दुपारी तो आपण होऊन वर आला. विलास बाहेर गेला होता. मी चहा टाकला. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि जरा वेळाने सहज सांगावं तसं म्हणाला, की पुस्तक मागे घेतलं. प्रकाशकाला पत्र गेलं. छापायला जायचं होतं ते रद्द केलं.

माझा पारा चढला. एवढी वर्षं! बायकोच्या जिवावर बसून लिहिलंस, तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि आता ती गेल्यावर रद्द? अशी मी बोलत सुटले. बरं वाटत होतं बोलताना, कारण मी ज्यावर बोलायला हवं होतं ते हे नव्हतं. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, “धम्मदीपाने विचारलं, हाट मामा या गेझाग्ट? आईने हो म्हटलं का? मी हो म्हणालो. तिने अजून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी हो म्हणालो. ताई, पुस्तक जर्मनमध्ये आहे. ती वाचेल.”



तो पुढे सांगत राहिला. मान हलली त्याला होकार म्हणणारे सगळे स्वतःला फसवत होते, असं त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे आणि शेवटच्याही. ते वाक्य ठेवलं तर घरात राहता येत नाही, काढलं तर पुस्तक राहत नाही. एक वाक्य बदलून बघितलं, म्हणाला. जनावर कधी कधी खरंच होकार देतही असेल, कोणी सांगावं, असं लिहिलं. मग रात्रभर आजोबा दाराशी उभे आहेत असं वाटत राहिलं.

चहा उकळून अर्धा झाला होता. मी गाळून त्याच्यापुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.

“ताई,” तो म्हणाला, “एकच विचारतो. त्या दिवशी फडक्याचं पाणी कोमट होतं ना?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, कपाकडे बघत विचारलं. मला कळलं की हा माणूस तीन महिने हा एक प्रश्न घेऊन खाली बसून होता, आणि याचसाठी मला आत बोलवत नव्हता. पाणी कोमट असेल तर हर्षाने हो म्हटलं. गार असेल तर कुणी काहीच म्हटलं नाही आणि आम्ही तिला मारलं. की तिने नको म्हटलं होतं? राहू देऊ नका, घाला नळी, असंही असेल. ते तर मी मनातसुद्धा पुरतं येऊ देत नाही.

“हो,” मी म्हणाले. “कोमट होतं. मी बोट धरून बघितलं होतं.”

त्याने मान हलवली. आपण हलवतो तशीच, आडवी. त्याने मानलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग त्याने गार झालेला चहा एका दमात संपवला, कप विसळून पालथा घातला आणि खाली गेला. त्यानंतर आम्ही जिन्यात भेटतो, ट्रामच्या वेळांबद्दल बोलतो. गणपतीत मी मोदक केले नाहीत. पुस्तकांची भिंत त्याने खोक्यांत भरून तळघरात नेऊन ठेवली आहे. दार उघडं असलं की भिंतीवर फळ्यांचे पांढरे पट्टे तेवढे दिसतात.

त्या बैलाच्या खटल्यात पहिल्यांदा पाणी आणणाऱ्या मुलींनाच विचारायचे. त्या दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटायच्या. मला त्याने विचारलं तेव्हा बोट दाखवायला माझ्यापुढे कुणी नव्हतं, म्हणून मी खोटं बोलले, आणि आता ते मला मरेपर्यंत बोलायचं आहे. घरात साधे हात धुवायचे असले तरी मी नळ सोडते आणि बोट धारेखाली धरून, गारवा जाईपर्यंत उभी राहते. विलास म्हणतो, किती पाणी वाया घालवतेस.